तिसऱ्या प्रहराची बाई

महाराष्ट्रातली भुतं घालवायला शासनाने जी माणसं नेमली होती, त्यांत मनकर्णा हिरे हिचा नंबर बराच वरचा लागत असे. अकरा वर्षांत तिने त्रेसष्ट किल्ले, नऊ लेणी, दोन मकबरे आणि एक जुना तुरुंग साफ केला होता. लिंबू नाही, बिब्बा नाही, अंगारा नाही. पाठीवर एक पिशवी, पिशवीत मापक, आणि मागून येणाऱ्या टेम्पोत राखाडी रंगाचे शमक. सकाळी जायचं, संध्याकाळपर्यंत भूत खल्लास. गावोगावचे म्हातारे तिच्याकडे देवळातली मूर्ती पळवणाऱ्याकडे बघावं तसे बघत. तिला त्याची सवय झाली होती.

गोष्ट तशी साधी होती. सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपनं असलेला आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. त्याला अवश्राव्य ध्वनी म्हणतात. कान ऐकत नसला तरी शरीर ऐकतं. अरुंद बोळ, भुयार, बंद बुरूज अशा जागी वारा ठरावीक कोनातून शिरला की आतली हवा झुलायला लागते. हा झोका सेकंदाला एकोणीसच्या आसपास आला की छातीत बारीक थरथर होते, डोळ्यांच्या कडेला काहीतरी हलतं, मानेवर काटा येतो. कारण सापडलं नाही की मेंदूला चैन पडत नाही. तो सरळ निकाल देऊन टाकतो, की मागे कोणीतरी उभं आहे. त्या कोणीतरीला मग गावागावाने आपापल्या सोयीचं नाव दिलं. कुठे हडळ, कुठे मुंडकं नसलेला शिपाई, कुठे राणी.

इतकं बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. नंतर डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट शोधली. मागे उभ्या असलेल्याचा चेहरा मेंदू स्वतःच्या साठ्यातून काढतो. गाइडने शिपायाची गोष्ट सांगितलेली असेल तर शिपाई उभा राहतो. ज्याचं माणूस गेलेलं आहे, त्याला बहुधा ते माणूस जवळ आल्यासारखं वाटतं. बोलत नाही, दिसतही नाही, फक्त असतं. याला डॉक्टरांनी सान्निध्याभास असं भारदस्त नाव दिलं आणि ते पुढच्या कामाला लागले.

एका किल्ल्यावर अशाच आभासाने घाबरून सहलीतली मुलं कड्याच्या बाजूला पळाली. चौघं गेली. त्यानंतर कायदा आला: प्रत्येक ऐतिहासिक वास्तू मोजायची, साडेअठरा ते साडेएकोणीसमधलं कंपन सापडलं की तिथे शमक बसवायचा. शमक उलटी लाट सोडतो. दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात आणि हवा गप्प होते. मनकर्णाला हे काम मनापासून पटलं होतं. त्या चौघांपैकी एका मुलीच्या वडिलांना ती भेटली होती.

मग एके दिवशी यादीत हाळगडाचं नाव आलं.

हाळगड म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेतला एक बुटका किल्ला. इतिहासाने त्याची फारशी दखल घेतली नाही. त्याच्या पायथ्याशी हाळवाडी, आणि हाळवाडीत कुंभारआळीच्या टोकाला मनकर्णाचं घर. तिथे तिचे वडील तोताराम हिरे एकटे राहत होते. तिने ते काम दुसऱ्या कोणाला द्या म्हणून दोनदा सांगून पाहिलं. दुसऱ्याला तेलंगणाच्या सीमेवर पाठवलं होतं. तिसरा बाळंतपणाच्या रजेवर होता. हल्ली बापांनाही मिळते.

ती पोचली तेव्हा आखाजीला पाच दिवस होते. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. त्या दिवशी या भागात गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, कारण वर उन्हाळा असेल तर त्यांना तहान लागत असणार. वर उन्हाळा असतो का, हे कोणी विचारत नाही. खाली असतो तेवढं पुरे.

नाना ओसरीवर बसून नव्या घागरीचं तोंड ओल्या फडक्याने साफ करत होते. एकाहत्तर वर्षांचे, अंगाने काटकुळे. मनकर्णाला पाहून त्यांनी फडकं बाजूला ठेवलं.

"आली का मनू? मले वाटलं, परस्पर गडावर जाशीन."

"असं कसं जाईन, नाना?"

"सरकारी मान्सं जातात." ते हसले आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. "गडावरच्या बाईले घालवाले आली म्हनं. सरपंच सांगत व्हता."

मनकर्णा पाणी प्यायली. उत्तर द्यायचं टाळण्यासाठी पाण्याइतकी सोयीची गोष्ट नाही.

हाळगडच्या बाईच्या दोन गोष्टी होत्या. एक बाहेरच्यांसाठी. किल्लेदाराने एका बाईला भिंतीत चिणलं, ती दुपारच्या तिसऱ्या प्रहरी माणसाचा गळा धरते. प्रत्येक किल्ल्याला एक चिणलेली बाई लागतेच, तशी हाळवाडीनेही एक ठेवली होती. त्यामुळे परके लोक दुपारी गडावर फिरकत नसत आणि दारूच्या बाटल्या फुटत नसत.

दुसरी गोष्ट गावाची. वेढा पडला होता तेव्हा एका शिपायाची बायको खालच्या हाळावरून, म्हणजे दगडी कुंडावरून, घागरीने पाणी वर नेई. एक दिवस तिच्या नवऱ्याची तुकडी बाहेर पडली ती परतलीच नाही. बाई भरली घागर घेऊन पहिल्या दरवाजामागच्या बोळात थांबली ती आजतागायत. कोणीही बोळातून गेलं की ती अगदी जवळ येऊन बघते, आपला आहे का. आपला नसला तरी रागावत नाही. उलट जाणाऱ्याचं जे माणूस हरवलं असेल, त्याला शोधून आणून उभं करते. स्वतःला जे मिळालं नाही, ते ती दुसऱ्यांना देते.

म्हणून ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, त्या घरची एक रिकामी घागर आखाजीला त्या बोळात ठेवायची. बोळ सोळा हात लांब, एका माणसाच्या रुंदीचा. दोन्ही भिंतींत आणि वरच्या कमानीत ओळीने कोनाडे. घागर आडवी ठेवायची, तोंड बोळाकडे, म्हणजे बाईला चटकन कळतं की या घरचं कोणीतरी गेलंय. घरचा माणूस मग तिसऱ्या प्रहरी तिथे जाऊन उभा राहतो. वारा सुटतो, आणि भेट होते. हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या घागरी. बाईने कधी जात विचारली नव्हती.

मनकर्णाची आई केसरबाई दोन वर्षांपूर्वी चैत्राच्या अखेरीस, आखाजीच्या तोंडावर गेली. त्या उन्हाळ्यात पारा एकोणपन्नासवर जाऊन बसला तो नऊ दिवस हलला नाही. हाळवाडीतली एक्केचाळीस माणसं गेली. मनकर्णा तेव्हा कोकणातल्या एका जलदुर्गावर होती. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्या उन्हात देह ठेवता येत नव्हता, कोणाचाच. तिला आईचं तोंड बघायला मिळालं नाही. त्यानंतर ती गावात तीनदा आली, पण गडावर एकदाही गेली नाही. शास्त्र शिकलेल्या माणसाने खोट्या भेटीला जाऊ नये असं ती स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे ती भीत होती. आई भेटेल याचीही, आणि भेटणार नाही याचीही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मापक घेऊन गडावर निघाली. नाना आधीच काठी घेऊन तयार होते.

"तुम्ही कशाला उन्हात?"

"मी रोजच जातो." त्यांनी डोक्याला उपरणं गुंडाळलं. "दोन वर्सं झाली."

चढण फार नव्हती. बोळाच्या तोंडाशी येऊन मनकर्णा थबकली. लहानपणी पाहिलेला बोळ हा नव्हेच. कोनाडे भरलेले होतेच, पण खाली जमिनीवरही दोन्ही बाजूंना घागरींच्या रांगा आडव्या पडल्या होत्या, एकीवर एक, गुडघ्यापर्यंत. मधून जेमतेम पाऊल टाकायला जागा.

"एवढ्या कशा झाल्या, नाना?"

नाना आत जाऊन एका दगडावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

तीनच्या सुमारास दरीतून वारा चढला. मनकर्णाने मापक जमिनीवर ठेवला आणि श्वास रोखून उभी राहिली. उगाच रोखला. छातीत थरथर नाही, मानेवर काटा नाही. उकडणारा बोळ आणि मातीचा वास, बस्स. तिने आकडा पाहिला. सोळा पूर्णांक आठ. पुन्हा मोजलं. सोळा पूर्णांक आठ.

कायद्याच्या दृष्टीने हाळगडावर भूत नव्हतं. शमकाची गरज नव्हती. अहवालावर सही करायची आणि चहा प्यायला घरी जायचं. तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तिने वडिलांकडे पाहिलं. वारा सुटला तसे त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले होते, कोणी काही देणार असल्यासारखे. वारा थांबला. त्यांनी डोळे उघडले, हात मिटले.

"येत नही ती," ते म्हणाले.

"कोण?"

"तुझी माय. एक डावही आली नही. माझी माय यायची, भाऊ यायचा. तुझ्या आत्यासंगं तं मी भांडलोबी व्हतो इथं. केसर आली नही. कोनाचंच येत नही आता. त्या उन्हाळ्यापासून बाई रुसली गावावर."

"रुसली म्हणजे?"

"रुसनारच. एक्केचाळीस मान्सं पान्यावाचून गेली आन् आपन काय केलं? केसर म्हनली, जीव घाबरा व्हतोय. म्या म्हनलं, पडून राह्य, ऊन उतरलं का बरं वाटंल. आन् टँकरच्या रांगेत जाऊन उभा राह्यलो." नानांनी उपरण्याने तोंड पुसलं. "मंग म्याच गावाले म्हनलं, बाईची समजूत काढू. घरटी एक घागर दिऊ. गेल्या आखाजीले दिली. तरी काही नही. तं दिवाळीले पुन्हा एक दिली. दोनशे दहा घागरी घडवल्या म्या ह्या हातांनी. फुकट. तरी ती येत नही."

मनकर्णा घागरींकडे बघत राहिली. मग ती खाली बसली आणि एकेक करून मोजू लागली.

संध्याकाळी अंगणात बाजेवर बसून तिने हिशेब मांडला. बोळ म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेली बासरीच. रिकामी असती तर तिची हवा सेकंदाला तेवीस-चोवीस वेळा झुलली असती. तेवढ्याने कोणाला काही होत नाही. पण भिंतीत उघड्या तोंडाच्या घागरी बसवल्या, की प्रत्येक घागर जाणाऱ्या लाटेतली थोडी हवा पोटात घेते आणि परत करते. या देण्याघेण्यात लाट रेंगाळते. आवाजाच्या दृष्टीने बोळ आहे त्यापेक्षा लांब होतो, कंपन खाली येतं. त्या उन्हाळ्यापूर्वी होत्या तेवढ्या साडेतीनशे घागरींना ते बरोबर एकोणीसच्या जवळ येऊन बसत होतं.

आणि साडेतीनशे हा आकडा कोणी ठरवलेला नव्हता. वर्षाला पाच-सहा माणसं जात, पाच-सहा घागरी येत. तेवढ्याच जुन्या तडकून फुटत, त्या लोक दरीत टाकत. तीनशे वर्षं गावाचं मरण आणि मातीचं फुटणं असं बरोबरीने चाललं होतं. ज्यांना भेट हवी होती, त्यांनीच आपल्या हातांनी भेटीची जागा घडवली होती, आणि कोणाला त्याचा पत्ताही नव्हता. मग तो उन्हाळा आला. एका वर्षात एक्केचाळीस. बोळ जरासा सुरातून उतरला. बाई रुसली म्हणून लोकांनी आणखी घागरी ठेवल्या, तसा तो आणखी उतरला. रुसवा काढायला जे जे केलं, त्याने ती लांब लांब गेली.

मनकर्णाने वही मिटली. चुलीपाशी नाना भाकरी थापत होते. त्यांना सांगावं की नाही? गप्प राहिली तर म्हातारा मरेपर्यंत रोज दुपारी हात पसरून बसणार. सांगितलं तर बाईच हातची जाणार. अकरा वर्षं लोकांना भूत नाही हे सांगताना तिची जीभ कधी अडखळली नव्हती. आज पहिल्यांदा घोडं अडलं.

"नाना, इकडे या जरा."

तिने रिकामी बाटली घेतली, तोंडावर फुंकर मारून आवाज काढून दाखवला. बाटलीत पाणी ओतलं, पुन्हा फुंकर मारली, आवाज बदलला. जन्मभर मडक्यांवर टिचकी मारून कच्चं-पक्कं ओळखणाऱ्या माणसाला फार समजवावं लागलं नाही. नाना तिच्या वहीतल्या आकड्यांवर बोट ठेवून बसले.

"म्हंजी केसर रुसली नही?"

मनकर्णाला या प्रश्नाची कल्पनाच नव्हती.

"नाही, नाना. आई रुसली नाही. घागरी जास्त झाल्या, एवढंच."

"आन् म्याच केल्या." ते हातांकडे बघत होते. मग त्यांनी मान वर केली. "काढल्या तं येईन?"

"नाना, ती आई नसते. हवा असते. तुमचंच डोकं तिला उभं करतं."

"माझ्याच डोक्यातून येती म्हन." नानांनी विचार केला. "मंग दुसऱ्या कोनाच्या डोक्यातून यायले पाह्यजे व्हती का? पंचेचाळीस वर्सं माझ्यासंगं राह्यली ती."

मनकर्णाने बाटलीतलं पाणी अंगणात ओतून टाकलं आणि वही पुन्हा उघडली.

अहवाल तिने त्याच संध्याकाळी पाठवला. कंपन सोळा पूर्णांक आठ, शमक अनावश्यक, बोळ ग्रामस्थांच्या धार्मिक वापरात, पर्यटकांच्या मार्गातून वगळावा. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. पण घागरी काढल्या की ते खोटं होणार होतं; ते उघडकीला आलं तर तिची नोकरी जाणार होती, आणि कोणी पुन्हा मोजायला आलं तर शमक बसणार होता. फेरमोजणीची पाळी पाच वर्षांनी येई; तोवर तरी कोणी येणार नव्हतं. नाना शहात्तरचे होईपर्यंत.

आखाजीच्या सकाळी गाव समाजमंदिरात जमलं. मनकर्णाने बाटली वाजवून दाखवली. पोरं हसली, मोठी माणसं हसली नाहीत. दोनशे दहा घागरी बाहेर काढायच्या याला कोणाची हरकत नव्हती; त्या कोणाच्याच नावाच्या नव्हत्या.

"त्या काढल्यावर सोय झाली ना?" सरपंचाने विचारलं.

"नाही. आणखी चाळीसेक काढाव्या लागतील. त्या कोणाच्या तरी नावाच्या आहेत."

मग मागून कोणीतरी सुचवलं, सगळ्यात जुन्या काढा, त्यांचं कोणी उरलंच नाही.

"उरलं नही म्हनून काढायच्या?" गेनू तायडे म्हणून एक ऐंशीचे गृहस्थ काठी टेकत उठले. "त्यांच्या घागरींवर तं तुमची आमची भेट झाली इतकी वर्सं. आन् आता त्यांच्या बाजूनं बोलाले कोनी नही म्हनून दरीत? मी नही हात लावू देनार."

"मंग त्या उन्हाळ्यातल्या काढा. एक्केचाळीसच हायेत."

हे बोलणारा चटकन खाली बसला, कारण सभेत त्या एक्केचाळीस घरांची माणसं होती. एक बाई रडायला लागली. तिची घागर लहान होती, सहा वर्षांच्या मुलाच्या नावाची. ती काढली तर तो रस्ता चुकेल, असं ती सारखं म्हणत राहिली. मनकर्णा तिला सांगत होती, की घागर असली काय नि नसली काय, येणाऱ्याला फरक पडत नाही. पण शास्त्राचं हे वाक्य किती कोरडं आहे ते बोलतानाच तिला कळत होतं. गाव तिच्यावर का विश्वास ठेवील? ती भुतं घालवणारी बाई होती.

तेव्हा नाना उठले.

"माझ्यापासून काढा," ते म्हणाले. "केसरची पह्यली."

मनकर्णा दचकली. तिने त्यांना हे सांगायला सांगितलं नव्हतं. ती घागर म्हणजे नानांच्या हिशेबी केसरबाईला धाडलेलं बोलावणं होतं. मुलीचा हिशेब चुकला असता तर त्यांच्याकडे बसून वाट पाहण्यापुरतीही जागा उरणार नव्हती.

"तोताराम, नीट इचार कर," गेनूबुवा म्हणाले.

"केला. पोरगी म्हनती, घागर नसली तरी येईन. माझी पोरगी हाये. कामून खोटं सांगंल?"

मग जुलेखाबी पिंजारी पदर सावरत पुढे झाल्या. त्यांचे यजमान त्याच उन्हाळ्यात गेले होते.

"आमच्या ह्यांची मी घरी नेते. तशीबी त्यांना गर्दी आवडत नव्हती. लग्नातसुद्धा मांडवाबाहेर उभे राहायचे."

लोक हसले, आणि हसता हसता एकेक जण उठू लागला. उन्हाळ्यातल्या एक्केचाळीसपैकी चाळीस घरांनी आपापली घागर उचलायचं कबूल केलं. लहान घागर तेवढी राहू द्यायची असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. एका लहान घागरीने शास्त्राचं काही बिघडत नाही, असं मनकर्णाने छातीठोकपणे सांगितलं. ते मात्र खरंच होतं.

दुपारपर्यंत गडाच्या वाटेवर माणसांची रांग लागली होती. वरून घागरी हातोहात खाली येत होत्या. नानांच्या दोनशे दहा गाडीत भरल्या. बाकीच्या ज्यांच्या त्यांनी कडेवर घेतल्या आणि घरोघर गेल्या, आखाजीचं पाणी भरायला. केसरबाईची घागर नानांनी स्वतः काढली. कोनाड्यातली जागा हाताने झाडली आणि घागर बोळाबाहेर सावलीत ठेवली.

तिसरा प्रहर झाला. लोकांनी ठरवून टाकलं, की आज पहिला मान तोतारामचा. सगळे खालच्या पायऱ्यांवर बसले. मनकर्णाने मापकाची पिशवी उघडलीच नाही. आकडा पाहिला असता तर तो कळवावा लागला असता.

"चल," नाना म्हणाले.

"तुम्ही जा."

"चल म्हनतो ना."

दोघं बोळात जाऊन उभी राहिली. नाना पुढे, ती मागे. मोकळ्या झालेल्या जमिनीवर उन्हाचा एक पट्टा पडला होता. बराच वेळ काहीच झालं नाही. तिला हिशेब आठवू लागला. कमानीचा उतार नीट धरला होता का, घागरींचं पोट सरासरीने घेतलं ते बरोबर होतं का. नानांची मान ताठ होती. आज त्यांनी हात पसरले नव्हते.

मग दरीतून वारा चढला.

मनकर्णाला तो आधी छातीत कळला. बारीक, सलग थरथर. मग डोळ्यांच्या कडा हलल्या. मानेवरचा एकेक केस उभा राहिला. तिने डोळे मिटले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा, कोणी न बघता, मनातल्या मनात हाक मारली. ये गं. एकदा ये. मला तुझं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

पण तिचं मन अकरा वर्षांत शिकून तयार झालेलं होतं. छातीतल्या थरथरीला ते म्हणालं, फासळ्यांचा अनुनाद. डोळ्यांतल्या हालचालीला म्हणालं, बुबुळाचं कंपन. अठरा पूर्णांक आठ असावं, जास्तीत जास्त नऊ. त्रेसष्ट किल्ल्यांवर जे जे सांगून तिने भुतांना हुसकावलं होतं, ते सगळं त्याने एकामागून एक म्हटलं. ते थांबवायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. मागे कोणी उभं राहिलं नाही. नुसती हवा होती, झुलणारी. तिच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

तिने डोळे उघडले. नानांचे खांदे खाली आले होते. दोन वर्षांत तिने ते असे सैल पाहिले नव्हते. त्यांनी मान किंचित डावीकडे कलती केली होती, शेजारी कोणी ठेंगणं माणूस उभं असावं तशी. त्यांचा श्वास संथ चालला होता. ते हसत होते.

"आली," ते हळूच म्हणाले.

"हो, नाना."

त्यांनी वळून मुलीकडे पाहिलं. तिचा ओला चेहरा पाहिला, तिच्या मागची रिकामी जागा पाहिली, आणि त्यांना कळलं. जन्मभर ओली माती हाताळलेल्या माणसाला काय कळतं आणि काय नाही, हे सांगता येत नाही. मग ते पुन्हा डावीकडे कान देऊन, ऐकल्यासारखं करून म्हणाले,

"माय इचारती तुझी, सकाळपासून नुसती फिरून राह्यली, पोटात काही गेलं का हिच्या?"

हा आभास बोलत नाही. जगातलं कोणतंही कंपन माणसाला असा प्रश्न विचारू शकत नाही, हे मनकर्णाइतकं नेमकं त्या डोंगरात कोणालाच माहीत नव्हतं. वारा उतरायला लागला होता. तिने पदराने तोंड पुसलं आणि नानांच्या डाव्या खांद्याशेजारच्या जागेकडे बघून उत्तर दिलं.

"नाही गं, आई. घरी गेल्यावर जेवते."